वाघजाईच्या राईतला नवरंग

वाघजाईच्या राईत आता नवरंग येत नाही, असं साहेबरावांनी ग्रुपवर लिहून टाकलं होतं, आणि साहेबरावांनी लिहिलं म्हणजे विषय संपला. पक्षी बघणाऱ्यांच्या त्या ग्रुपात डॉक्टर होते, इंजिनिअर होते, मोठाल्या लेन्सा घेऊन रविवारी गाड्या भरून येणारी मंडळी होती. पण राईच्या जवळ राहणारे एकटेच, कुरुळीचे साहेबराव. त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची कुणी?

ग्रुप चालवणारे सुरेंद्र सर रहाटणीला राहायचे, कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी त्यावर चार ओळींचा मजकूर लिहिला. चाकणच्या कंपन्यांच्या गोंगाटाने एका रानपाखराने आपलं घर सोडलं, असा त्याचा मतलब. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. साहेबरावांनीही एक जोडलेले हात टाकले आणि फोन उशाखाली सरकवला. पुढचे चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. त्या गोंगाटातला बराचसा त्यांच्याच हाताखालून निघत होता ना!

साहेबराव एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. आता मिशीत काळा केस शोधावा लागतो. घरची शेती थोडी होती, अजून थोडी आहे, पण चूल पेटली ती कंपनीवर. प्रेस शॉप म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पत्र्याचा ताव आत जातो, वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, आदळते आणि गाडीचा दरवाजा होऊन बाहेर पडतो. एक प्रेस आदळली की दाढेत कळतं, आणि तिथे प्रेसची रांगच्या रांग. अशा ठिकाणी तोंडाने बोलणं ही नुसती हौस. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. हवेत बोट गोल फिरवलं की मशीन चालू कर. तळहातावर मूठ ठेवली की थांबव. तळवा जमिनीकडे धरून हळूच दाबला की सावकाश घे. कान पकडला की साहेब येतोय. आणि दोन बोटांची चिमूट ओठाला लावली की चहा, ही खूण तर कालच लागलेल्या पोरालाही शिकवावी लागत नाही.

ही भाषा साहेबराव घरीही घेऊन आले. सुरुवातीला बायको, शालनबाई, हसायच्या. ओट्यावर उभी असलेली बायको आणि दारातून चिमूट दाखवणारा नवरा, शेजारणींना फुकटचा तमाशा. मग हळूहळू त्याही तसंच बोलायला लागल्या. जेवायला या, गॅस बंद करा, कुणीतरी आलंय, सगळं हाताने. मुलगी हर्षाली लग्न होऊन रहाटणीला गेली तरी माहेरी आली की आईबापांचा हा मूकसंवाद बघून लोटपोट व्हायची.

कॅमेरा हर्षालीचाच. तिने नवा घेतला आणि जुना बापाच्या गळ्यात घातला. तिला वाटलं, नातवाचे फोटो काढतील. नातवाचे दोनचार निघाले, आणि मग साहेबरावांनी कॅमेरा घेऊन डोंगर गाठला. आपल्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. त्यामुळे रविवारवाल्यांशी गाठ पडायची नाही, आणि साहेबरावांना ते बरंच वाटायचं. पत्र्यावरचा केसाएवढा तडा उभ्या उभ्या ओळखणारे डोळे ते. पानाआड बसलेला तांबट, निवडुंगातला सातभाई, काही सुटायचं नाही. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक ओढ्यावर आंघोळीला उतरला तेव्हाचा त्यांचा फोटो सुरेंद्र सरांनी मोठा करून आपल्या दिवाणखान्यात लावला.

राहिला तो नवरंग. लहानपणी साहेबरावांनी त्याला पाहिला होता, बापाच्या मागे मागे राईत गेले असताना. हिरवी पाठ, खांद्यावर निळा चट्टा, पिवळसर छाती, शेपटीखाली लाल, डोळ्यांवरून काळी पट्टी, आणि शेपूट म्हणजे कुणीतरी कात्रीने छाटल्यासारखी आखूड. एवढा नटलेला पक्षी, पण वागणं एकदम लाजऱ्या नव्या सुनेचं. जमिनीवर, पालापाचोळ्यात, झुडपाखालून चालत किडे शोधतो. दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर येतो, सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, आणि त्या शिळेवरूनच तो आहे हे कळतं. शीळ नाही, तर नवरंग नाही. सगळे पक्षीवाले असंच धरून चालतात.

साहेबराव जून महिन्यातल्या प्रत्येक गुरुवारी राईत जाऊन बसले. एक वर्ष, दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. शीळ काही नाही. प्रेस शॉपमधल्या माणसाचा एक हिशेब पक्का असतो: आवाज थांबला म्हणजे मशीन थांबलं. साहेबरावांनी तोच हिशेब राईला लावला.

सुरेंद्र सरांनी मध्यंतरी नवरंगाच्या शिळेचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, म्हणजे ओळखायला सोपं जाईल. साहेबरावांनी ते फोन कानाला लावून ऐकलं. नुसती बारीक खरखर. फाइल रिकामी आली असणार, असं त्यांना वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला तुमची फाइल रिकामी आहे कसं सांगायचं? त्यांनी अंगठा दाखवून दिला.

या गुरुवारी शालनबाई बरोबर निघाल्या. दरवर्षी जूनमध्ये गावच्या बायका मंगळवारी वाघजाईला दहीभाताचा नैवेद्य घेऊन जातात. शालनबाई तेव्हा हर्षालीकडे होत्या, त्यांचा मंगळवार हुकला, आणि नैवेद्य हुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहाटेच मोटरसायकलवर मागे डबा घेऊन बसल्या. कंपन्यांच्या भिंती, कंटेनरांच्या रांगा, झाकलेली टपरी, आणि मग एकदम वळणावर डोंगर.

"मी तिथं तासन् तास बसतो, तुला कंटाळा यील," साहेबराव म्हणाले.

"कंटाळा यायला मी काय पयल्यांदा बसतीया व्हय तुमच्याबरोबर गप?"

राईत शिरताना दोघांनी चपला काढल्या. वाघजाईच्या राईचा नियम साधा आहे: आत काही न्यायचं ते देवीसाठी, बाहेर काही आणायचं नाही. काटकी नाही, फळ नाही, वाळलेलं पानसुद्धा नाही. कित्येक पिढ्यांचा पाला तसाच पडून आहे, पाय घोट्यापर्यंत बुडतो. वर अंजन, कुंभा, जांभूळ एकमेकांत इतके गुंतलेले की सकाळ तिथे उशिराच होते.

शालनबाईंनी देवीच्या शेंदरी तांदळ्यापुढे नैवेद्य ठेवला, हात जोडले, आणि पदराने कपाळ टिपत एका मुळावर बसल्या. साहेबराव चार पावलांवर कॅमेरा मांडीवर घेऊन बसले. वारा नव्हता.

थोड्या वेळाने शालनबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पदर सावरून घेतला, इकडेतिकडे बघितलं, आणि उठून नवऱ्याजवळ आल्या.

"आवो, कोण मेला शीळ घालतोय सकाळ सकाळ?"

साहेबरावांनी मान वळवली. "कुठं? कुणी न्हाई."

"न्हाई कसं? ही बघा, परत घातली. माझ्या वयाचा तरी इचार करायचा बाबानं!"

साहेबराव ताडकन उठले. बायकोकडे बघून कुणी शीळ घालतोय म्हटल्यावर पन्नाशी उलटलेला नवराही उठतो. राईच्या तोंडापर्यंत जाऊन आले. वाटेवर त्यांच्याच दोघांच्या चपला होत्या, दुसरं कुणी नव्हतं.

"माकड असंल."

"माकडं शिट्ट्या वाजवत्यात व्हय?" शालनबाई म्हणाल्या, आणि एक बोट वर केलं. "आता. आत्ता वाजली. दोनदा."

साहेबराव त्या बोटाकडे बघत राहिले. राईत त्यांच्यापुरती चिडीचूप शांतता होती.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. सुरेंद्र सरांचा तो जुना मेसेज शोधायला वेळ लागला. त्यांनी आवाज अगदी बारीक केला, फोन बायकोच्या कानाला लावला आणि ती रिकामी फाइल सुरू केली.

"हाच का आवाज?"

"व्हय, हाच की! ह्यो तुमच्या फोनात कसा आला?"

एवढं बोलून शालनबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. साहेबराव मुळावर बसले. कॅमेरा गळ्यात होता तो त्यांना एकदम जड वाटला. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. नवरंग येत होता. दरवर्षी येत होता, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर शीळ घालत होता, आणि ते नजर रोखून बसून, त्याची वाट बघून, घरी जाऊन तो नाही म्हणून लिहीत होते.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवायचे, कानावर यंत्र लावायचे. बाहेरचा माणूस बटण दाबायचा. आत आवाज आला की आपण बोट वर करायचं. नापास झाला की प्रेसवरून उचलून स्टोअरला. तिथे ना ओव्हरटाइम, ना प्रेसवाल्याचा रुबाब. म्हणून शॉपमधल्या जुन्या लोकांनी नव्यांना पहिली विद्या दिली ती ही: कानाकडे लक्ष देऊ नको, काचेतून त्या माणसाच्या अंगठ्याकडे बघ. अंगठा हलला की बोट वर. साहेबरावांची नजर किती तीक्ष्ण होती ते वर सांगितलंच आहे. ते दरवर्षी झोकात पास व्हायचे. इतकी वर्षं पास झाले, की आपण कसे पास होतो हेच ते विसरून गेले. कान चांगले आहेत, कागदावर तसं लिहिलेलं आहे, मग चांगलेच असणार. माणसांचं बोलणं तर ऐकू येत होतं; बारीक, वरच्या पट्टीचे आवाज कधी गेले ते कळलंच नाही. ते नारिंगी इअरप्लगही कंपनीने बऱ्याच उशिरा दिले, आणि दिल्यावर ते कानापेक्षा गळ्यातच जास्त लोंबले.

किती वेळ ते तसे बसले असते कोण जाणे. शालनबाईंनी त्यांच्या बाहीला हिसका दिला. साहेबरावांनी वर बघितलं. शालनबाईंनी राईच्या आतल्या बाजूला बोट केलं आणि मग हवेत तेच बोट गोल फिरवलं. चालू कर.

साहेबराव उठले.

पुढे शालनबाई, मागे साहेबराव. दोन पावलं गेले नाहीत तोच शालनबाईंनी मागे वळून तळहातावर मूठ ठेवली. थांबा. साहेबरावांना कळेना काय चुकलं. शालनबाईंनी त्यांच्या पायाकडे दाखवलं, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तोंड वाकडं केलं. आपल्या पायाखाली पाला एवढा वाजतो हे साहेबरावांना ठाऊकच नव्हतं. तीन वर्षं ते या राईत आपण मांजराच्या पावलांनी हिंडतोय अशा समजुतीत होते. शालनबाईंनी मग पाऊल कसं ठेवायचं ते दाखवलं: आधी बोटांनी पाला बाजूला सारायचा, माती लागली की टाच टेकवायची. भाताच्या खाचरात त्या अशाच चालायच्या, रोप तुडवू नये म्हणून.

अशी त्यांची वरात निघाली. शालनबाई मध्येच थांबायच्या, मान तिरकी करायच्या, आणि हात डावीकडे किंवा उजवीकडे करायच्या. तळवा दाबला की साहेबराव सावकाश व्हायचे. मूठ पडली की जागच्या जागी. शालनबाईंच्या तोंडावर आता असा काही रंग चढला होता, की लग्नात नवरीकडच्या करवलीने बघत राहावं. आयुष्यभर नवऱ्याच्या कंपनीची भाषा त्यांनी स्वयंपाकघरात वापरली. आज त्या शॉपच्या फोरमन झाल्या होत्या.

एका मोठ्या जांभळापाशी त्यांनी मूठ ठेवली आणि मग साहेबरावांना पुढे केलं. आता काम डोळ्यांचं होतं. शालनबाईंचं बोट झुडपांच्या जाळीकडे होतं, पण त्यांना स्वतःला तिथे काही दिसत नव्हतं. साहेबरावांनी जाळी बघितली. पानं, फांदी, सावली, पानं. सावलीतल्या एका ठिकाणी हिरवा जरा वेगळा हिरवा होता. त्यांनी श्वास धरला.

नवरंग होता. जमिनीवर नाही, कंबरेएवढ्या उंचीच्या आडव्या फांदीवर, अंग ताठ करून बसलेला. उन्हाचा एक कवडसा त्याच्या खांद्यावर पडला होता, आणि तो निळा चट्टा लहानपणी पाहिला होता तेवढाच निळा होता. त्याने मान मागे टाकली, चोच आभाळाकडे केली, गळा फुगला, सगळं अंग त्या जोराने हललं. साहेबरावांना काहीही ऐकू आलं नाही. त्यांच्या मागे शालनबाईंनी त्यांच्या पाठीवर बोट टेकवलं, आणि दुसऱ्यांदा टेकवलं. दोन सूर.

पुन्हा चोच वर झाली. पाठीवर पुन्हा दोनदा बोट.

साहेबरावांचे डोळे भरून आले आणि कॅमेऱ्यातलं सगळं धुरकट झालं. त्यांनी बाहीने डोळे पुसले, मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडली, आणि पाठीवर बोट टेकलं की बटण दाबायचं असं ठरवलं. तिसऱ्या खेपेला जमलं. उघडी चोच, फुगलेला गळा, खांद्यावरचा निळा, शेपटीखालचा लाल, सगळं एका फोटोत आलं. मग नवरंग टुणकन खाली उतरला, पाल्यात दोन उड्या मारल्या आणि जाळीत दिसेनासा झाला.

देवीपुढे परत येऊन दोघं दहीभात खायला बसले. साहेबरावांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो दाखवला. शालनबाईंनी तो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाल्या, "एवढुसा जीव, अन् अंगावर केवढं लेवून बसलाय!"

साहेबरावांनी त्यांना काचेच्या खोलीतला अंगठा सांगितला. सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं शालनबाई चिडतील, निदान चकित तरी होतील. शालनबाईंनी लोणच्याची फोड त्यांच्या भातावर ठेवली.

"मला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"कान गेलेत त्ये. मी तुमाला कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगायचं कवाच सोडलंय, आठवतं का? अन् तुमाला वाटतं मी हौसंनं हात हालवत बसते घरात."

साहेबरावांचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, बायको आपली गंमत करते. हर्षाली हसायची, तेही हसायचे.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी पास व्हऊन पेढे आणायचा. काय बोलायचं मी?"

मग साहेबरावांनी हात धुतले, कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोनवर फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं: 'वाघजाईच्या राईत नवरंग आहे. दरवर्षी येत असणार. मला ऐकू येत नाही म्हणून मी तो येत नाही असं लिहिलं होतं. आज घरच्यांनी दाखवला.' पाठवण्याआधी त्यांनी ते शालनबाईंना वाचून दाखवलं. शालनबाई 'घरच्यांनी' या शब्दावर नाक उडवून म्हणाल्या, "घरच्यांना नाव हाय." साहेबरावांनी 'शालनने' असं केलं आणि पाठवून दिलं.

"यंदा तपासणीला काचेकडं पाठ करून बसणार," ते म्हणाले. "स्टोअर तर स्टोअर."

"बसा. स्टोअरला गेलेली माणसं काय जेवत न्हाईत?"

ऊन आता तांदळ्यापर्यंत आलं होतं. साहेबराव जाळीकडे बघत होते. त्यांनी जरा अडखळतच विचारलं, "कसा वाजतो गं तो?"

शालनबाईंनी सांगायला तोंड उघडलं. शीळ सांगणार कशी? आधी वर जातं आणि मग खाली येतं, त्या म्हणाल्या. साहेबरावांनी मान डोलावली, पण त्यांना काही कळलं नव्हतं हे दिसत होतं. शालनबाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. शीळ घालणारी पोरगी म्हणजे हाताबाहेर गेलेली पोरगी, असं मानणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. लहानपणी एकदाच प्रयत्न केला होता, तर आईने गालावर पाच बोटं उठवली होती. त्यानंतर या जन्मात कधी नाही. त्यांनी देवीकडे एकदा बघून घेतलं, पदर तोंडापुढे धरला आणि नवऱ्याच्या कानाजवळ ओठांचा चंबू केला.

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदाही हवाच. शालनबाई हसल्या, ओठ ओले केले, पुन्हा चंबू केला. तिसऱ्यांदा आवाज निघाला. पक्ष्याइतका बारीक नव्हता, माणसाचा होता, जाडसर आणि थोडा फाटलेला. पण दोन सूर होते. एक वर गेला आणि एक खाली आला.

साहेबराव हलले नाहीत. हा आवाज त्यांनी लहानपणी ऐकला होता, याच राईत, बापाच्या मागे उभं राहून. तो त्यांना लख्ख ऐकू आला.

शालनबाईंनी एकदम त्यांचं मनगट धरलं आणि जाळीकडे बोट केलं. तिकडून उत्तर आलं होतं. त्यांनी साहेबरावांच्या हातावर दोनदा बोट टेकवलं आणि विचारणाऱ्या नजरेने बघितलं: बस झालं का आता?

साहेबरावांनी हात वर केला आणि हवेत बोट गोल फिरवलं.